जाणण्याची इच्छा आणि विचारपूस
(ज्युबिली महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



जाणण्याची ओढ मनुष्यमात्रास आहे; परंतु आपल्या मराठींत तिला एकच नांव नाहीं. ज्ञानाची इच्छा ती जिज्ञासा. तिच्याच बळावर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनीं गोव्यांत मराठी आत्मसात केली, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. नवलाची ओढ तें कुतूहल. जक्कय उंबरावर चढला तो येशू कोण हें पाहण्यासाठीं. त्याच दिवशीं त्याच्या घरीं तारण आलें. मात्र परक्याच्या दुःखांत उगाच डोकावणें हा भोचकपणा होय.

लॅटिन भाषेंत कुतूहलास 'कूरिओसितास' म्हणतात. त्याचें मूळ 'कूरा', म्हणजे काळजी. ही काळजी आपल्या 'विचारपूस' या शब्दांत जिवंत आहे.

या यवतमाळ जिल्ह्यांत कर्जानें खचलेल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांनीं प्राण दिल्याचें दुःख आपण पाहिलें आहे. अशा घरीं "कर्ज किती झालें?" असें पुसणारे पुष्कळ, "आज चूल पेटली कां?" असें पुसणारा विरळा. पहिल्या प्रश्नानें माणूस दार लावून घेतो. दुसऱ्यानें तो बोलूं लागतो. आम्हींही कित्येकदां पहिलाच प्रश्न विचारला आहे, हें नम्रपणें कबूल करितों.

म्हणून या ज्युबिली वर्षीं एकच संकल्प करूं: रविवारीं मिस्सेस जो दिसला नाहीं, त्याच्याविषयीं इतरांस न विचारतां त्याच्याच दारीं जाऊं.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.