कोऱ्या चौकटीत कोण?



मी नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीला शिकवतो. यंदा मुलांना चाँदबिबीची लढाई सहा चौकटींच्या चित्रकथेत मांडायला सांगितली. १५९५ च्या डिसेंबरात शहजादा मुरादच्या मुघल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला. चाँदबिबी स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा बांधून घेतली. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला राहिला.

एका मुलाने शत्रूला दाढी, टोपी आणि हिरवा झेंडा दिला. शेजारचा म्हणाला, "अरे, आतले पण मुसलमानच की!" मग शत्रू ओळखायचा कसा? तोड मुलांनीच काढली. बाहेरचे सुरुंग खणताना, आतले दगड-चुना वाहताना. माणूस काय घालतो ते नाही, काय करतो ते काढायचं. मी तासभर भाषण दिलं असतं, तरी एवढं पोचलं नसतं.

चित्रकथेत दोन चौकटींमधली मोकळी पट्टीही बोलते. पाचव्या चौकटीत खिंडार, सहाव्या चौकटीत उभी भिंत. मधली रात्र वाचणाऱ्याने मनात भरायची. मी विचारलं, "त्या रात्री दगड कोणी वाहिले?" वर्ग विचारात पडला. पुस्तकात त्यांची नावं नव्हती.

चित्रांतून गोष्ट सांगणं नगरला नवं नाही. १५६५ च्या सुमारास निजामशाही दरबारात 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र फारसी पोथी तयार झाली. आज ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चाँदबिबीची आई, राणी खुंजा हुमायून, तिच्यात राजाशेजारी बसलेली होती. १५६९ मध्ये मुलगा मुर्तझाने तिला कैद केलं. पुढे बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली.

हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, मी काढू का तिला परत?" म्हटलं, काढ बेटा.

दोस्तांनो, सिनेमात, मालिकांत आपल्याला कसं दाखवतात याची तक्रार आपण करतो. करायलाच हवी. पण पेन्सिलही आपल्या हातात हवी. महिन्यातला एक शनिवार काढा. जवळच्या शाळेत जा, मग ती मराठी असो की उर्दू. सोबत कोरे कागद न्या. सहा चौकटी आखा आणि मुलांना विचारा, "यात कोण राहून गेलं?"