आजीबाईचा बटवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी
(महिला मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



घरगुती औषधे व दुकानांत मिळणारी पूरके यांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. मुंबईत परिचारिकेची पदविका घेऊन १९७३ साली या देशात आले आणि निवृत्तीपर्यंत रुग्णांच्या उशाशी उभी राहिले, एवढाच माझा अधिकार.

माझे बालपण रेवदंड्याजवळच्या खेड्यात गेले. आजीच्या फडताळात सुंठ, ओवा, जायफळ, आमसुले आणि हळकुंडे असत. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी, पोट दुखले की ओवा, खोकला झाला की आल्याचा रस व मध. त्या बटव्याची थट्टा करण्यास मी येथे उभी नाही. एक वर्षावरील मुलांच्या खोकल्यास रात्री चमचाभर मध आराम देतो, हे आता वैद्यकशास्त्रही मान्य करते. आल्याने मळमळ कमी होते. घसा दुखत असता कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. जुलाब झाले असता एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. या साध्या पाण्याने असंख्य लेकरांचे प्राण वाचले आहेत.

परंतु ज्या गोष्टीने मला आज बोलते केले, ती निराळी आहे आणि ती सांगताना मला संकोच वाटतो.

माझ्या यजमानांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्यांना वॉरफरिनची गोळी चालू होती. या गोळीवर असणाऱ्याचे रक्त वरचेवर तपासतात आणि आयएनआर नावाचा आकडा साधारणतः २ ते ३ यांच्या दरम्यान राखतात. आमचा आकडा वर्षानुवर्षे ठीक होता. सहा वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे फार दुखू लागले. एका स्नेही बाईंनी हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या. मी म्हटले, हळदच ती! तिने काय अपाय होणार?

चौथ्या आठवड्यात, शब्बाथच्या रात्री किद्दूश होऊन आम्ही जेवावयास बसलो असता त्यांच्या नाकातून रक्त वाहू लागले. त्यांना पुढे वाकवून मी नाक चिमटीत धरले, अर्धा तास गेला, तरी रक्त थांबेना. मी १०१ वर दूरध्वनी केला. जीव वाचविण्यासाठी शब्बाथही बाजूस ठेवावा, ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. त्याविषयी कुणी शंका बाळगू नये.

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी विचारले, "नवीन औषध काही सुरू केले आहे काय?"

मी उत्तर दिले, "काही नाही."

भगिनींनो, हाच प्रश्न मी स्वतः तीस वर्षे रुग्णांना विचारीत आले होते! आयएनआर आला ८. जीवनसत्त्व 'के' देण्यात आले. नंतर त्याच डॉक्टरांनी प्रश्न फिरवून विचारला, "दुकानातून आणलेले, कुणी दिलेले, घरी केलेले असे काही?" तेव्हा कुठे मला त्या कॅप्सूल आठवल्या. मी खोटे बोलले नव्हते. हळद हे औषध आहे, असे माझ्या मनातच आले नव्हते. कॅप्सूल बंद केल्या आणि पूर्वीच्याच गोळीवर आकडा पुन्हा ठिकाणावर आला. यजमान तीन दिवसांनी घरी आले. अशीच घटना न्यूझीलंडच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१८ साली जाहीर केली होती. ती माझ्या वाचनात आली पुढे, आमच्यावर प्रसंग गुदरल्यानंतर.

मग आमटीतली हळद वाईट काय? मुळीच नाही. चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत कर्क्युमिन हे द्रव्य जेमतेम १०० मिलिग्रॅम असते आणि ती आमटी सारे घर खाते. एका कॅप्सूलमध्ये त्याच्या कितीतरी पट अर्क असतो. शिवाय तो अंगात अधिक मुरावा म्हणून बहुधा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. क्वचित अशा अर्कांनी यकृतासही इजा झाल्याची नोंद आहे. नाव हळदीचेच, परंतु मात्रा स्वयंपाकघरातली नव्हे.

याच दृष्टीने इतर वस्तूंकडे पाहावे. लसूण व गिंको यांच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवू शकतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांविषयी अवश्य सांगावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडू नये, पण एकदम वाढवूही नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असता कारल्याचा रस किंवा मेथीची पूड नेमाने घेतल्यास साखर फाजील उतरू शकते. शेजारच्या येमेनी घरातले चमचाभर हिल्बे खुशाल खावे. मी म्हणते ते रोजच्या औषधी मात्रेविषयी. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे. 'ड' जीवनसत्त्व अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते.

नातवंडांविषयी दोनच गोष्टी सांगते. एक वर्षाच्या आतील बाळास मधाचे बोटही चाटवू नये. त्यातून क्वचित बॉट्युलिझम हा भयंकर रोग होतो. आणि बाळघुटीतले वेखंड टाळावे. अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी केली आहे.

मुंबईहून नातलग प्रेमाने औषधांच्या पुड्या पाठवितात. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही, पुडीविषयी असावी. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. म्हणून वेष्टनावर घटक व निर्मात्याचे नाव नसलेली पुडी, विशेषतः भस्म, पोटात घेऊ नये.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळ जणी कुपत होलिमच्या डॉक्टरांपासून या गोष्टी लपवितात, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर हसतील, रागावतील, आणि हिब्रूत 'ओवा' कसा सांगावा, अशी भीती वाटते. नाव येत नसेल तर डबीच घेऊन जा. आज घरी गेल्यावर एका कागदावर गोळ्या, कॅप्सूल, काढे, चहा, सारे लिहून काढा, तो कागद पर्समध्ये ठेवा आणि दुसरी प्रत मुलाबाळांपाशी द्या. पुढच्या सभेस ज्यांना डब्या आणावयाच्या असतील त्यांनी आणाव्यात. मी चष्मा घेऊन बसेन आणि आपण मिळून वेष्टने वाचू. कोणती डबी बंद करावी हे मात्र आपल्या डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे.

माझ्या त्या "काही नाही"ची पाळी आपणांपैकी कुणावर येऊ नये. एलियाहू हन्नाबीच्या स्मरणाने आपणां सर्वांस आरोग्य लाभो. शालोम.