एका मोठ्या संख्येचे अवयव

श्रोतेहो, हाताशीं कागद-पेन्सिल असेल तर एक संख्या टिपून घ्या : ४,२९,४९,६७,२९७. दोनाचा बत्तिसावा घात करून त्यांत एक मिळविला कीं ही संख्या येते. दिसण्यांत हिच्यांत विशेष असें कांहींच नाहीं; पण एका थोर गणितज्ञाचें अनुमान हिनें खोटें पाडलें.

हा गणितज्ञ म्हणजे पियेर द फर्मा. तूलूज येथील न्यायमंडळांत तो अधिकारी होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. दोनाचे पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा हे घात घेऊन प्रत्येकांत एक मिळविला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ संख्या आहेत. घात असाच दुप्पट करीत गेल्यास पुढची प्रत्येक संख्या मूळच निघेल, असें फर्मानें १६४० सालीं पत्रांतून कळविलें. सिद्धता आपणांजवळ नाहीं, हेंही त्यानें प्रांजळपणें सांगितलें.

पुढचा घात बत्तिसावा, म्हणजे आपलीच संख्या. ती सरळ भागून तपासावयाची तर ६,५४२ मूळ संख्या पुढें उभ्या राहतात. १७३२ सालीं ऑयलरनें मात्र दाखविलें कीं, तिला ६४१ नें भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटींत एक मिळवून झालेला असावा लागतो, हें त्यानें पुढें सिद्धही केलें. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पांचव्याच भागाकाराला काम फत्ते! नवल असें कीं, दोनाच्या ३७ व्या घातांतून एक वजा केल्यास बाकीला २२३ नें भाग जातो, हें फर्मानें त्याच १६४० सालीं अशाच युक्तीनें हुडकलें होतें. हत्यार हातांत असून तें येथें त्यानें नीट चालविलें नाहीं, असेंच मला वाटतें.

आतां भागाकार न करतांच पडताळा पाहूं. ६४० ला ६४१ नें भागल्यास बाकी उणे १ मानतां येते. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. हा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. पण ६२५ हे ६४१ हून १६ नीं कमी; त्यांच्या जागीं उणे १६ घेतले तरी बाकी तीच राहते. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. तेव्हां उणे दोनाचा बत्तिसावा घात, याची बाकी १. अर्थात् त्या घातांत एक मिळविला कीं बाकी शून्य!

फर्माच्या संख्या तरीही वायां गेल्या नाहींत. १७९६ सालीं तरुण गाउसनें केवळ पट्टी व कंपास यांनीं सतरा बाजूंची सुसम आकृति काढतां येते हें सिद्ध केलें. तें सतरा याच मालिकेंतलें. मालिकेंत सहावी मूळ संख्या मात्र अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. आपल्या संख्येपुढील लागोपाठ सत्तावीस संख्या संयुक्त ठरल्या आहेत; अठ्ठाविसावीचा निर्णय अजून लागावयाचा आहे.