अंगठी घट्ट होते तेव्हा

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली, बहुधा कर्करोगाची नसलेली, तर वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त पाझरू शकते. लहानपणी असे झाले की उंची थांबत नाही. अमेरिकेचा रॉबर्ट वाडलो ८ फूट ११ इंच झाला आणि १९४० मध्ये २२व्या वर्षीच गेला. आपल्या पहिलवान खलीचीही अशी गाठ २०१२ मध्ये काढावी लागली.

मोठेपणी उंची वाढत नाही, म्हणून लक्षातच येत नाही. अंगठी निघत नाही, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, घोरणे वाढते. मग साखर, रक्तदाब. आपण दोन्हींच्या गोळ्या घेत राहतो, आणि मूळ कारण डोक्यात बसलेले! रोज पाहणाऱ्या घरच्यांना काही दिसत नाही, महालक्ष्म्यांना जळगावहून आलेली आत्याच म्हणते, "चेहरा किती बदलला रे तुझा!" आत्याचे ऐका. दहा वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. आयजीएफ-१ ही रक्ततपासणी आणि एमआरआय यांतून निदान होते. शस्त्रक्रिया लागलीच, तर बहुतेक वेळा नाकातूनच करतात.