सांधा बदलला, कागद जपला का?

मी आंबवड्याहून बोलतेय. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि गटाच्या वहीबद्दल बोलते. आज बोलायचंय खुब्याच्या सांध्याबद्दल. पण बोलता बोलता शेवटी वहीवरच येणार आहे, बघा.

माझ्या आत्याचा खुबा बारा वर्षांपूर्वी बदलला. काठी सुटली, बाई परत शेताच्या बांधावर जायला लागली. सगळे म्हणाले, सोनं झालं. पुढं दहाएक वर्षांनी जांघेत दुखायला लागलं. आत्या म्हणायची, "अगं, वय झालं, दुखायचंच." दोन वर्षं तिनं तेल चोळण्यात घालवली. शेवटी फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आत कुठला सांधा आहे? कागद आणा." कागद कुठला? घर शाकारताना जुन्या फायली मीच बंबात घातल्या होत्या. पाणी तापलं, आणि आत्याचा कागद गेला.

त्या दिवसापासून मी हा विषय समजून घ्यायला लागले.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळ आणि गोळा. कमरेच्या हाडात वाटीसारखी उखळी, तिच्यात मांडीच्या हाडाचं गोल टोक फिरतं. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये अंगानंच तयार केलेलं वंगण. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो, तसं हे देवानं आधीच घालून ठेवलेलं. कूर्चा झिजली की हाड हाडाला घासतं, आणि मग सांधा बदलावा लागतो.

नव्या सांध्यात बहुधा धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो, आणि वाटीत खास टणक प्लॅस्टिकचं अस्तर. वंगण अंगातूनच झिरपतं, पण ते पहिल्यासारखं दोन्ही भाग पूर्ण वेगळे ठेवू शकत नाही. चालताना खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि वर्षाला पावलं पडतात लाखांनी. त्यामुळं अस्तर थोडं थोडं झिजतंच.

आता खरी गोष्ट ऐका. जात्याला टाकी लावली की पहिलं पीठ आपण टाकून देतो. का? त्यात दगडाची कच असते. सांध्यातही तसंच. अस्तर झिजतं, आणि त्याची डोळ्याला न दिसणारी कच आजूबाजूला पसरते. ती टाकून देता येत नाही. अंगातल्या राखणदार पेशी ती गिळतात, पण त्यांना ती पचत नाही. मग तिथं सूज धरते आणि सांध्याभोवतीचं हाड हळूहळू विरघळतं. सांधा सैल होतो. आणि हे सगळं होताना कित्येकदा काहीच दुखत नाही.

ही अडचण पहिल्यापासूनची आहे. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या डॉक्टरांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. हो, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. त्या काही वर्षांतच झिजल्या. मग १९६२ मध्ये त्यांनी दुसरं, चिवट प्लॅस्टिक घेतलं, आणि आजचे सांधे त्याच वाटेवरचे आहेत. अलीकडचं प्लॅस्टिक तर आणखी कमी झिजतं. परदेशातल्या जुन्या नोंदी सांगतात, की दहातले साधारण सहा सांधे २५ वर्षं टिकतात. तेव्हा घाबरून ऑपरेशन टाळू नका.

पण कागद का जपायचा, ते सांगते. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीनं 'एएसआर' नावाचा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. अपेक्षा अशी, की मोठा गोळा फिरताना मध्ये वंगणाचा पातळ थर राहील आणि धातू धातूला लागणार नाही. पण वाटी उथळ होती. जरा तिरकी बसली की भार कडेवर यायचा, थर तुटायचा, आणि कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायचं. आपल्या देशात सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली. पुढं केंद्र सरकारनं समिती नेमली, २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं. पण तोवर तीन हजारांहून जास्त रुग्णांचा ठावठिकाणाच लागलेला नव्हता. भरपाई ठरली, आणि घेणारं माणूस सापडेना! आपल्या अंगात कोणता सांधा आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा. ऑपरेशनच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. ते फाईलमध्ये ठेवा, एक फोटो मोबाईलमध्ये काढा आणि मुलीला पाठवा. डॉक्टर सांगतील त्या वर्षी फोटो काढून घ्या, दुखत नसलं तरी. जांघेत नवं दुखणं आलं, पाय आखूड वाटला, चालताना आवाज आला, तर तेल चोळत बसू नका. बाहेरचं तेल त्या सांध्यापर्यंत पोचत नाही. उकिडवं बसणं, भातलावणीला वाकणं, याबद्दल आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका.

आत्याचं काय झालं? वेळेवर गेली असती आणि कागद असता, तर कदाचित नुसतं अस्तर बदलून भागलं असतं. पण तोवर हाड खाल्लं गेलं होतं. सगळा सांधा बदलावा लागला, खर्चही पहिल्यापेक्षा जास्त आला. आता ती पुन्हा अंगणात फिरते. या वेळचा कागद मी गटाच्या वहीशेजारी, पत्र्याच्या पेटीत ठेवलाय.

पुढच्या बैठकीत मी प्रत्येकीला विचारणार आहे, तुमच्या घरात कुणाचा सांधा बदललाय का, आणि कागद कुठं आहे? आज घरी गेल्यावर शोधून ठेवा.