लहान शेताचा ट्रॅक्टर: एचपी विचारण्याआधी टेप काढा

एकरापासून पाच-सहा एकरांपर्यंतची जमीन आम्ही इथे धरतो आहोत. आम्ही माणदेशातल्या अकरा जणी. सगळ्यांची मिळून २३ एकर जमीन आहे, पण ती एका जागी नाही. कुणाची ओढ्याकाठची काळी, कुणाची माळावरची मुरमाड. त्यात डाळिंब, कांदा, मका, ज्वारी, बाजरी असं सगळं आहे. गटाने मिनी ट्रॅक्टर घेतल्यापासून आजूबाजूच्या गावांतल्या बाया भेटल्या की पहिला प्रश्न विचारतात, "किती एचपीचा घेतला?" आमचं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा.

आधी टेप घ्या आणि शेतात जा. शेतातली सगळ्यांत अरुंद जागा कोणती, ते घरात बायकांना जास्त ठाऊक असतं, कारण डोक्यावर भारा घेऊन त्या वाटेने आपणच जातो. दोन बांधांमधली वाट, विहिरीजवळचं वळण, बागेचं फाटक, शेडखालची जागा, सगळं मोजा आणि कागदावर लिहा. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर अंगाने सहा फुटांच्या आसपास रुंद असतो. मिनी ट्रॅक्टर तीन ते साडेतीन फुटांत बसतो. हा फरक शोरूममध्ये डोळ्यांना फारसा दिसत नाही, बागेत मात्र लगेच दिसतो.

डाळिंबाची शिफारस साडेचार बाय तीन मीटरची आहे. म्हणजे दोन ओळींत पावणेपंधरा फूट. कागदावर एवढ्यात मोठा ट्रॅक्टरसुद्धा आरामात फिरेल असं वाटतं. पण तिसऱ्या वर्षी फांद्या दोन्ही बाजूंनी मधे येतात, फळं लागली की त्या वाकतात आणि खाली ठिबकच्या नळ्या असतात. म्हणून झाडाच्या बुंध्यापासून बुंध्यापर्यंत मोजू नका. बहर भरात असताना फांदीच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत मोजा. द्राक्षाची ओळ तर नऊ-दहा फुटांवरच असते. कांद्याच्या गादीवाफ्याचं गणित आणखी वेगळं. तिथे दोन चाकांमधलं अंतर वाफ्याला जुळलं पाहिजे, नाहीतर चाक वाफ्यावरून जातं. हे अंतर कमी-जास्त करता येतं का, आणि किती, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या.

वळायची जागाही मोजायची. समजा वीस गुंठ्यांची पट्टी आहे, ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब. वाटण्या होऊन होऊन आपल्याकडे अशाच पट्ट्या उरल्या आहेत. लांबीच्या दिशेने काम केलं आणि दोन्ही टोकांना वळायला वीस-वीस फूट सोडले, तर २६४० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे वळण्यातच जातात. दहा-दहा फुटांत वळणाऱ्या ट्रॅक्टरला सव्वा गुंठा पुरतो. टोकाचा तुकडा नंतर आडवा करून घेता येतो, पण वीस गुंठ्यांत ते किती वेळा करणार?

दुसरी गोष्ट कामाची. वर्षातलं सगळ्यांत जड काम कोणतं आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारं काम कोणतं, हे वेगवेगळं लिहून काढा. जड काम म्हणजे उन्हाळ्यातली नांगरट. काळ्या रानात पलटी नांगर खोल घालायचा तर मिनी ट्रॅक्टर पुरत नाही. पुढचं चाक उचलतं, मागचं जागेवर फिरतं. पण हे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्यासाठी ५० एचपी दारात बांधायचं कारण नाही. नांगरट मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्या. आम्ही तसंच करतो. रोटर, पेरणी, सरी, कोळपणी, भरणी, बागेतली फवारणी ही वारंवार येणारी कामं. ट्रॅक्टरचं माप यांच्यावरून ठरवायचं.

१५ ते २० एचपीला तीन फुटांचा रोटर चालतो, २४ ते २८ एचपीला चार फुटांचा. जमीन चिकट असेल तर याहून मोठा लावू नका, विकणारा काहीही म्हणो. रोटर दोन्ही मागच्या चाकांइतका तरी रुंद असावा, नाहीतर चाकाने दाबलेली माती तशीच घट्ट राहते. काम किती होईल तेही काढता येतं. तासाला तीन किलोमीटरच्या चालीने तीन फुटांचा रोटर चालवला, तर वळणं धरून एका एकराला दोन तास लागतात.

फवारणीच्या ब्लोअरसाठी आधी पाण्याचं वजन करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी मागे उचलायची तर पाण्याचेच दोनशे किलो झाले, यंत्राचं वजन वेगळं. त्यामुळे एचपीच्या जोडीला लिफ्ट किती किलो उचलते आणि पीटीओला किती ताकद मिळते, हे दोन आकडे मागून घ्या. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, ज्यावर रोटर आणि ब्लोअर चालतात. इंजिनावर लिहिलेली सगळी ताकद त्या दांड्यापर्यंत पोचत नाही. उताराचं किंवा ओलं रान असेल तर चारही चाकांना ताकद देणारा ट्रॅक्टर पाहावा. हलका ट्रॅक्टर ओल्यात लवकर घसरतो.

आता पैसे. इथे थोडं सावकाश बोलतो, कारण हप्ता थकला की पहिली नजर दागिन्यांवर जाते, आणि ते कुणाच्या अंगावरचे असतात हे सांगायला नको.

समजा चार लाखांचं कर्ज काढलं, १२ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी, सहा महिन्यांच्या हप्त्याने. दर हप्ता सुमारे ५४,३५० रुपये. वर्षाला १ लाख ८ हजार ७०० रुपये. पाच वर्षांत चार लाखांचे साधारण ५ लाख ४३ हजार होतात. आता भाड्याचं गणित मांडा. तीन एकर जमीन, वर्षात सहा वेळा ट्रॅक्टरचं काम, म्हणजे अठरा एकरांचं काम झालं. एकरी दीड हजार भाडं धरलं तर २७,००० रुपये. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तो घाला. तरी हप्त्याच्या चौथाई भाड्यात काम होतंय, हे दिसतंच. वर डिझेल, ऑइल, दुरुस्ती, विमा आहेच. म्हणजे ज्वारी-मक्याच्या तीन एकरांसाठी एकटीने ट्रॅक्टर घेणं हिशेबात बसत नाही. दारात ट्रॅक्टर उभा दिसला की मुलाला स्थळं चांगली येतात असं म्हणतात. येत असतील, पण हप्ता स्थळं भरत नाहीत.

तीन-चार एकर बाग असेल तर मात्र हिशेब बदलतो. डाळिंबावर तेल्या दिसायला लागला की फवारणी उद्यावर ढकलता येत नाही, आणि त्याच दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर मिळेलच असं नाही. तिथे स्वतःच्या ट्रॅक्टरची किंमत भाड्याच्या पैशात मोजून चालत नाही.

दुसरा मार्ग गटाचा. आमचे २३ एकर, सहा वेळा, तेच दीड हजार धरले तर २ लाख ७ हजारांचं काम होतं. यातून हप्ता निघतो आणि खर्चही भागतो. पण गटाची अडचण पैशाची नसते, वापशाची असते. पाऊस उघडला की सगळ्यांना एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा. एकराला दोन तास म्हणजे २३ एकरांना ४६ तास. दिवसाला सात तास चालला आणि या शेतातून त्या शेतात जायचा वेळ धरला, तर आठ दिवस लागतात. मुरमाड रानाचा वापसा आठ दिवस थांबत नाही. त्यावर आमच्यातल्या एका आजींनी तोड सांगितली. चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत आणि मान-पानही पाहायचा नाही. माळाची हलकी रानं लवकर वापशाला येतात आणि लवकर सुकतात, म्हणून ती आधी. ओढ्याकाठची काळी रानं ओल धरून असतात, ती नंतर. आमच्या गटाच्या अध्यक्षांचं रान काळं, त्यांचा नंबर शेवटी लागतो. तुमची सगळीच रानं हलकी असतील, तर एवढ्या एकरांना हे माप कमी पडेल. मग २४-२८ एचपीचा विचार करा, किंवा गट लहान ठेवा.

शोरूममध्ये आम्ही पाच जणी गेलो होतो आणि सोबत एकीचा दीर होता. विकणारे साहेब पूर्ण वेळ भावजींशीच बोलत होते. चालवणार आम्ही, सही आमची, तरी. शेवटी आमच्यातली सगळ्यांत बुटकी बाई उठून ट्रॅक्टरवर बसली. हे आम्ही सगळ्यांना सांगतो: स्वतः बसा. क्लच तळापर्यंत दाबला जातो का, तेही पाठ सीटला टेकलेली असताना? ब्रेकला पाय पोचतो का? गिअरचा दांडा दोन पायांच्या मधे असेल तर साडीत अडचण होते, बाजूला असेल तर बरं. चढायला पायरी किती उंच? मागे वळून पाहिलं की रोटर दिसतो का? पॉवर टिलर स्वस्त पडतो आणि कोकणातल्या भाताच्या खाचरात तो उपयोगाचा आहे, पण त्याच्या मागे चालायचं असतं आणि वळवताना सगळा जोर खांद्यावर येतो. ज्यांचे हात-खांदे आधीच धरलेले आहेत, त्यांनी तासभर चालवून पाहूनच ठरवावं.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा ओढणी त्यात गेली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. दांड्यावरचं झाकण बसवल्याशिवाय आमच्याकडे ट्रॅक्टर सुरू होत नाही. चालवणारी सलवार-कुर्ता घालते, ओढणी घरी ठेवते, वेणीचा अंबाडा बांधते. गावात पहिले काही दिवस लोक बोलले. आता बोलत नाहीत.

अनुदानाबद्दल थोडक्यात. कृषी विभागाचा अर्ज महाडीबीटीवर होतो. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान जातं. सातबारावर तुमचं नाव नसेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या संमतीने ते लावता येतं, तलाठ्यांकडे विचारा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. त्यात साडेतीन लाखांची मर्यादा धरून ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान आणि गटाचे ३५ हजार, असं गणित आहे. यंदाचे नियम जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. अनुदान मिळतंय म्हणून मात्र १८ एचपी घेऊ नका. तुमच्या कागदावरच्या मापाला तो बसत असेल, तरच घ्या.

आणि कागदावर सही करण्याआधी डेमो मागा, तोही तुमच्याच शेतात, रोटर लावून. दाखवणारे सपाट, मोकळं, कोरडं रान शोधतात. तुम्ही त्यांना सगळ्यांत अरुंद ओळीत न्या, बांधाशी वळवायला सांगा आणि मग तुम्ही स्वतः एक फेरी मारा.