ओट्याची फरशी पायाला विचारून निवडा



होळी झाली, की ऊन चढायला लागतं आणि आपला मुक्काम घरातून ओट्यावर हलतो. तांदूळ निवडायचे ओट्यावर, कुरडया-पापड ओट्यावर, गटाची बैठक ओट्यावर आणि रात्री वाऱ्याला पडायचं तेही तिथंच. बांधकामं निघतात तीसुद्धा याच दिवसांत. पाऊस यायच्या आत ओट्याला फरशी बसवून घ्यायची असते. आज त्याबद्दल बोलते.

आधी माझीच चूक सांगते. घरात फरशी बसवली तेव्हा तीन खोकी उरली. चकचकीत, तोंड दिसेल अशी फरशी. मीच मिस्त्रींना म्हटलं, वाया कशाला घालवायची, ओट्याला लावा. उन्हाळा छान गेला. जूनच्या पहिल्या सरीला सासूबाई वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या आणि पायरीपाशी सटकल्या. मनगट मोडलं. हात जुळला, पण त्यांनी ओट्यावर बसणंच सोडलं. शेजारच्या बाया आल्या, तर उंबऱ्याच्या आतून बोलायच्या. ते मला जास्त लागलं. दिवाळीनंतर ती फरशी उखडली.

आपल्या इगतपुरी तालुक्यात उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा आणि पाऊस चार महिन्यांचा. इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ दहा फूट पाणी. त्यामुळे उन्हाळ्यासाठी केलेला ओटा पावसातही चालला पाहिजे. दुकानातल्या दिव्याखाली फरशी सुंदर दिसते. पण तिच्यावर उन्हात आणि ओल्यात अनवाणी चालायचं आपल्याला आहे.

म्हणून दोन परीक्षा घ्या. दुकानदाराकडून नमुन्याचा एक तुकडा मागून आणा. त्याच्यावर पाणी ओता आणि ओली टाच घासून बघा. टाच सरकली, तर ती फरशी ओट्याला नको. मग तोच तुकडा दुपारी दोनपर्यंत उन्हात ठेवा आणि त्यावर पाय ठेवा. दहा आकडे मोजेपर्यंत पाय टेकवत नसेल, तर ती उन्हाच्या जागी नको.

आता दगडांचं. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कडप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातला. न घासलेली, खरबरीत शहाबादी किंवा कोटा ओट्याला चांगला. पॉलिश केलेला घेऊ नका, ओला झाला की तोही सरकतो. कडप्पा काळा, त्यामुळे उन्हात तव्यासारखा तापतो. बसायच्या जागी तो नकोच. पण अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात दोन लाद्या ठेवल्या, वर धुतलेलं लुगडं अंथरलं, की कुरडया वाळवायला त्याच तापाचा उपयोग होतो. टाइल्सच घ्यायच्या असतील, तर खरबरीत पाठीची, फिक्या रंगाची पार्किंग टाइल मागा. अगदी पांढरी मात्र उन्हात डोळ्यावर येते.

जुनी शहाबादी झिजून गुळगुळीत झाली असेल, तर ती काढू नका. पाटा-जातं टाकवून घेतो ना, तशी मिस्त्रींकडून तिला टाकी लावून घ्या. पाय पुन्हा धरतो.

सगळं अंगण मात्र फरशीखाली झाकू नका. मातीचं, शेणानं सारवलेलं अंगण पाणी पितं. संध्याकाळी सडा घातला, की ते पाणी हळूहळू उडून जातं आणि जाताना जमिनीतला ताप घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते असंच. चकचकीत फरशी पाणी पीतच नाही, रात्री उशिरापर्यंत ताप धरून बसते. म्हणून फरशी ओट्याला, पायरीला आणि मोरीकडे जायच्या वाटेला. बाकी माती राहू द्या. झाडाच्या बुंध्याभोवती तीन-तीन फूट तरी मोकळी जागा सोडा. झाडाला पाणी मिळालं नाही, तर सावली कुठून येणार?

सावलीवरून कौलांचं आठवलं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ साली बासेल मिशननं काढला. तिथून ही कौलं गावोगाव पोचली. आता आपण घरावर पत्रा टाकतो आणि उतरवलेली कौलं गोठ्यामागे पडून राहतात. ती फेकू नका. ओट्यापुढे लाकडाची किंवा लोखंडी पाइपांची पडवी काढा आणि तीच कौलं घाला. पत्रा उन्हात लगेच तापतो आणि खाली झळ मारतो. कौल जाड, मातीचं. मधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. एक काळजी घ्या. कौलं जड असतात, म्हणून वासे आणि खांब मिस्त्रींना दाखवूनच पक्के करा.

आता हिशेब. ओटा दहा फूट बाय सहा फूट, म्हणजे साठ चौरस फूट. एक बाय एकच्या साठ फरश्या लागतील, तुटफुटीला दहाला एक धरून सहासष्ट घ्या. शहाबादी दोन बाय दोनची असेल, तर पंधरा आणि वर दोन. गटातल्या तिघीचौघींचं काम असेल, तर एकत्र मागवा, टेम्पोचं भाडं वाटून जाईल.

मिस्त्री काम करत असताना तिथं थांबा. उतार भिंतीपासून बाहेर हवा, चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच. बादलीभर पाणी ओतून बघा, ते साचता कामा नये. फरशीखाली माल पूर्ण भरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी नाण्यानं टकटक करा. पोकळ वाजली, तर तेव्हाच काढून बसवायला सांगा. दोन फरश्यांमध्ये थोडा सांधा ठेवा, उन्हानं फरशी फुगते तिला जागा लागते. सात दिवस पाणी मारा. पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्या.

हे बोलायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. फरशी आणायला बहुधा घरातले पुरुष जातात आणि रंग ठरवून येतात. पण ओट्यावर दिवसभर वावरतो आपण. म्हणून आधी नमुना घरी आणायला सांगा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला त्यावर ओल्या पायानं उभं करा, हाताला धरून. तिचा पाय ठरला, तरच पैसे द्या.

आमच्या ओट्यावर आता खरबरीत शहाबादी आहे. दिसायला साधीच. सासूबाई पहिले काही दिवस भिंत धरून आल्या. आता संध्याकाळी सूप घेऊन तिथंच बसतात.